रेणूचं पाण्याशी किती वाकडं? एचपीएलसीवर लॉग पी काढण्याची रीत

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये सॅम्पल येतं ते बहुतेक असं. झिपच्या पिशवीत एवढीशी व्हायल, तिच्यावर कोड नंबर, तळाला चिकटलेली दोन-तीन मिलिग्रॅम पांढरी पूड. सोबतच्या मेलमध्ये एकच ओळ: लॉग पी हवा आहे, शुक्रवारपर्यंत. स्ट्रक्चर नाही, पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) नाही, माल आम्ल आहे की अल्कली तेही नाही. गुप्ततेचा करार असतो, त्यामुळे विचारायची सोय नाही. एम.एस्सी. करून नव्यानं लागलेली मुलं व्हायल घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, मेथड कुठली लावू?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

लॉग पी म्हणजे काय ते पुस्तकात आहेच. ऑक्टॅनॉल आणि पाणी एकत्र हलवलं, थर वेगळे होऊ दिले, की रेणू ऑक्टॅनॉलमध्ये किती गेला आणि पाण्यात किती राहिला याचं गुणोत्तर घ्यायचं आणि त्याचा लॉग काढायचा. लॉग पी ३ म्हणजे पाण्यातल्या एका हिश्श्यामागे ऑक्टॅनॉलमध्ये हजार हिस्से. औषधवाल्यांचा जीव यात अडकलेला असतो, कारण रेणू फारच पाण्याचा लाडका असला तर आतड्याच्या पेशींचा चरबीचा पडदा ओलांडत नाही, आणि फार तेलकट असला तर मुळात विरघळत नाही, रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतो, यकृतही त्याचा लवकर फडशा पाडतं. लिपिन्स्की यांनी १९९७ मध्ये जे पाचाचे नियम मांडले, त्यात लॉग पी ५ च्या वर नको हा एक नियम होता, तो आजही सगळ्यांच्या तोंडी आहे.

सरळ मार्ग म्हणजे फ्लास्क हलवून मोजणं. पण दोन मिलिग्रॅममध्ये ते जमवताना घाम फुटतो. पूड शुद्ध हवी, दोन्ही थरांतलं प्रमाण अचूक मोजायला हवं, आणि लॉग पी ४ च्या पुढे गेला की पाण्याच्या थरात मोजण्याजोगं काही उरतच नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १०७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेतली फ्लास्कची पद्धत साधारण उणे २ ते ४ पर्यंतच चालते. एचपीएलसीत (उच्च दाबाच्या द्रव क्रोमॅटोग्राफीत) एक द्रव, म्हणजे मोबाईल फेज, बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, पंपानं ढकलतात; रेणू कॉलमला जितका धरून राहतो तितका उशिरा बाहेर येतो. ११७ क्रमांकाची ही पद्धत ० ते ६ पर्यंत जाते. शिवाय कॉलमवर अशुद्धी आपोआप वेगळी होते आणि आपल्याला फक्त पीक (आलेखातला उंचवटा) किती मिनिटाला आला एवढंच बघायचं असतं. नेमकं किती मायक्रोग्रॅम इंजेक्ट झालं याच्याशी देणंघेणं नाही. पावसाळ्यात डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेल्या सॅम्पलनं हवेतलं पाणी ओढून घेतलं आणि दहा मिलिमोलरचं नऊ झालं, तरी रिटेन्शन टाइम, म्हणजे पीक यायला लागणारा वेळ, हलत नाही. जुलै महिन्यात नवी मुंबईत काम करणाऱ्याला हा केवढा दिलासा आहे!

मात्र एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. एचपीएलसीला लॉग पी ठाऊक नसतो, तिला फक्त वेळ कळते. ज्यांचा लॉग पी आधीच माहीत आहे असे संदर्भ रेणू त्याच कॉलमवर, त्याच मोबाईल फेजमध्ये सोडायचे आणि आपला पाहुणा त्यांच्यात कुठे बसतो ते बघायचं. म्हणजे सगळा आकडा तुलनेतून येतो. ही तुलना दोन ठिकाणी फसते: डेड टाइम आणि पीएच. पीक देखणा आहे का, आलेखाचा आर-वर्ग ०.९९ आला का, यावर मुलं तासन्‌तास घालवतात आणि या दोन गोष्टी पाच मिनिटांत उरकतात. मला ते उलट हवं आहे.

मोबाईल फेज

कॉलम साधा सी-१८ (सिलिकाच्या कणांवर अठरा कार्बनच्या साखळ्या बसवलेला) घ्या, १५० बाय ४.६ मिलिमीटर, ५ मायक्रॉन. त्याच्यावर आधी आयन-पेअरवालं (भारित रेणूंशी जोडी जमवणारं रसायन घातलेलं) काही चाललेलं नसावं. या कामासाठी एक कॉलम वेगळा ठेवा, डब्यावर मार्करनं तसं लिहा, आणि डिझॉल्यूशनवाल्यांना (गोळ्या कशा विरघळतात ते तपासणाऱ्यांना) त्याला हात लावू देऊ नका.

मोबाईल फेज मिथेनॉल आणि पाणी. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये पीक छान येतात, प्रेशरही कमी राहतं, पण लॉग पी साठी मिथेनॉल बरं. ते स्वतः हायड्रोजन बंध देतं-घेतं, त्यामुळे ऑक्टॅनॉलच्या वागण्याच्या जास्त जवळ जातं. सुरुवात ६०:४० नं करा. पाण्याचा भाग २५ टक्क्यांच्या खाली नेऊ नका.

आता हे मिसळायचं कसं, ते जरा नीट बघा. मिथेनॉल मेजरिंग सिलिंडरमध्ये वेगळं मोजायचं, ६०० मिलि. पाणी वेगळं मोजायचं, ४०० मिलि. मग दोन्ही बाटलीत ओतायची. बाटली हाताला कोमट लागेल आणि बारीक बुडबुडे वर येतील. शिवाय ते मिश्रण मोजलंत तर लिटर भरणार नाही, तीस-पस्तीस मिलिलिटर कमीच भरेल, कारण ही दोन द्रवं एकमेकांत मिसळली की आकसतात. म्हणूनच एक लिटरच्या फ्लास्कमध्ये ६०० मिथेनॉल घेऊन वर खुणेपर्यंत पाणी भरायचं नाही. तसं केलं तर ती कमी पडलेली जागाही पाण्यानंच भरली जाते आणि मोबाईल फेज ५८:४२ च्या आसपास होते. दोन टक्क्यांनी काय बिघडतं असं वाटेल. मिथेनॉल दहा टक्के कमी केलं की रिटेन्शन साधारण दुप्पट-तिप्पट होतं, त्या हिशेबानं दोन टक्क्यांतच पंधरा-पंचवीस टक्के फरक पडतो. एकाच बाटलीतून सगळं चाललं तर तुलनेत बरंचसं भागून जातं. पण दुपारी बाटली संपली आणि दुसऱ्यानं त्याच्या पद्धतीनं नवी बनवली, तर सकाळचे संदर्भ आणि दुपारचं सॅम्पल यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. तेव्हा दिवसभर पुरेल एवढं एकदम बनवा.

मिश्रण थंड होऊ द्या, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा, सोनिकेट करा. व्हॅक्यूम लावून अर्धा तास डिगॅस करत बसू नका, गॅसबरोबर मिथेनॉलही उडून जातं आणि सगळे पीक उशिरा येतात. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) लागणार असेल तर पीएच पाण्यातच मोजून घ्या, मिथेनॉल घालायच्या आधी. मिथेनॉल घातल्यावर मीटर जे दाखवतो ते वेगळंच काहीतरी असतं.

कॉलम ओव्हन आम्ही ३५ वर ठेवतो. पुस्तकं २५ म्हणतात. पण ओव्हनला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही, अशी यंत्रं अजून पुष्कळ ठिकाणी आहेत. मे महिन्यात रात्रीचा सिक्वेन्स लावून सगळे घरी गेले, बिल्डिंगचा एसी बंद झाला, की खोली बत्तिसावर जाते आणि २५ ला सेट केलेला ओव्हन नुसता बघत बसतो. संदर्भ आणि सॅम्पल दोघंही ३५ वर चालले तर तुलना तीच राहते.

डेड टाइम

ज्याला कॉलमशी काही देणंघेणं नाही असा रेणू जितक्या वेळात आरपार जातो तो डेड टाइम, टी-शून्य. जांभळी नाक्याकडून बाजारात शिरून एकाही दुकानात न थांबता माणूस ठाणे स्टेशनला निघाला तर त्याला लागेल तेवढी वेळ. बाकीच्यांची खरेदी मोजायची ती त्या वेळेच्या वर.

के = (रिटेन्शन टाइम − टी-शून्य) ÷ टी-शून्य. आणि लॉग के हा लॉग पी शी सरळ रेषेत जातो.

टी-शून्यासाठी थायोयुरिया किंवा युरॅसिल वापरा. ओईसीडी थायोयुरिया किंवा फॉर्मामाइड म्हणतं. थायोयुरिया विषारी आहे, वजन करताना हातमोजे आणि मास्क विसरायचा नाही. इंजेक्शननंतर बेसलाइन पहिल्यांदा जो वर-खाली झटका देते तोच डेड टाइम समजायची सवय पुष्कळांना असते. तो झटका सॉल्व्हंटचा असतो. कधी त्याला टी-शून्य म्हणता येतं, कधी नाही. डीएमएसओतलं सॅम्पल असेल तर तिथं डीएमएसओचाच पीक उभा राहतो, तो कमी तरंगलांबीला चांगलाच दिसतो. म्हणून वेगळं इंजेक्शन द्या, आणि तेही त्याच दिवशी, त्याच मोबाईल फेजमध्ये. गेल्या महिन्याच्या वहीतला टी-शून्य उचलून आणू नका.

१५० बाय ४.६ च्या कॉलमला, मिनिटाला एक मिलि फ्लो असेल तर टी-शून्य साधारण १.६ मिनिटं येतो. आकडा १.३ किंवा २ आला तर पुढे जाऊ नका, आधी फ्लो तपासा.

हा आकडा चुकला तर काय होतं ते गणितानंच दाखवते. खरा टी-शून्य १.६० आहे आणि अ‍ॅसिटॅनिलाइड २.६१ मिनिटाला आलं, तर के ०.६३, लॉग के उणे ०.२०. तुम्ही टी-शून्य १.९० धरला, तर के ०.३७, लॉग के उणे ०.४३. बायफिनाइल २४.२ मिनिटाला आलं असेल तर खरा लॉग के १.१५, चुकीचा १.०७. म्हणजे उशिरा येणाऱ्याला ०.०८ चा फटका आणि लवकर येणाऱ्याला ०.२३ चा. रेषेचं वरचं टोक जागेवर, खालचं टोक वाकलेलं. तुमच्या आलेखात खालचे दोन बिंदू रेषेखाली लोंबताना दिसले तर पहिला संशय टी-शून्यावर घ्या. संदर्भ रेणूंची बाटली जुनी झाली का वगैरे नंतर बघता येईल.

संदर्भ रेणू

निदान सहा घ्या, आणि पाहुणा त्यांच्या मधे कुठेतरी पडेल असे निवडा. ओईसीडीच्या यादीतले मी नेहमी वापरते ते असे: अ‍ॅसिटॅनिलाइड १.०, अ‍ॅसिटोफिनोन १.७, मिथाइल बेंझोएट २.१, टोल्यूइन २.७, नॅप्थॅलीन ३.६, बायफिनाइल ४.०. आणखी वर जायचं असेल तर फिनॅन्थ्रीन ४.५ आणि ट्रायफिनाइलअमाइन ५.७. हे सगळे २५४ नॅनोमीटरला दिसतात. टोल्यूइन उडतं, त्याचं द्रावण रोज ताजं करा. पहिल्या वेळी प्रत्येक रेणू वेगवेगळा इंजेक्ट करा, कोणता पीक कोणाचा हे डोळ्यांनी बघा, मग मिश्रण बनवा.

समजा ६०:४० मध्ये, टी-शून्य १.६० असताना, ते अनुक्रमे २.६१, ३.६८, ४.७५, ७.४८, १६.५ आणि २४.२ मिनिटांना आले. प्रत्येकाचा लॉग के काढून लॉग पी समोर मांडलात की रेषा येते:

लॉग के = ०.४५ × लॉग पी − ०.६५

आता पाहुणा ६.१ मिनिटाला आला. के = (६.१ − १.६) ÷ १.६ = २.८१. लॉग के ०.४५. उलटं फिरवलं की लॉग पी = (०.४५ + ०.६५) ÷ ०.४५, म्हणजे २.४. इथेच थांबा. एक्सेल २.४४२४ दाखवेल, ते जसंच्या तसं रिपोर्टात उतरवू नका. या पद्धतीत तुमच्याच दोन रनमधला फरक ०.१ च्या आत बसला पाहिजे, आणि फ्लास्कच्या आकड्याशी ती ०.५ च्या आत जुळणं अपेक्षित असतं. तिसरा-चौथा दशांश नुसती शोभा आहे.

पाहुण्याचा के ०.५ पेक्षा कमी आला, म्हणजे टी-शून्याला खेटून आला, तर मिथेनॉल कमी करा. वीसच्या वर गेला तर वाढवा. पण बदललंत की सगळे संदर्भ पुन्हा चालवावे लागतील, सवलत नाही. रेषा संदर्भांच्या बाहेर लांबवून आकडा काढायचा मोह होतो. तो आवरा, दुसरा संदर्भ रेणू शोधा.

संदर्भांचा संच सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा चालवा. रात्रभराचा सिक्वेन्स असेल तर मधेही एकदा. सुरुवातीचा आणि शेवटचा टोल्यूइन एकमेकांवर बसत नसतील तर मधली सगळी सॅम्पलं परत. रात्री लाइट गेली, यूपीएसनं तेवढं ओढून नेलं, पण ओव्हन पाच अंशांनी खाली आला, हे सकाळी तुम्हाला फक्त त्या शेवटच्या टोल्यूइनवरूनच कळतं.

पीएच

इथे जास्त वेळ द्या. वर जे सगळं सांगितलं ते विद्युतभार नसलेल्या रेणूसाठी. औषधी रेणूंपैकी पुष्कळ आम्ल किंवा अल्कली असतात, आणि भार चढला की रेणू पाण्याकडे धावतो. तेव्हा जो आकडा येतो तो लॉग पी नसून त्या पीएचचा लॉग डी.

आयब्युप्रोफेन घ्या. त्याचा लॉग पी ४ च्या जवळ, पीकेए साडेचारच्या आसपास. आम्लासाठी सूत्र असं:

लॉग डी = लॉग पी − लॉग (१ + १०^(पीएच − पीकेए))

पीएच २.५ ला कंसातला आकडा जवळजवळ १, म्हणून लॉग डी म्हणजेच लॉग पी, ४. रक्ताच्या पीएचला, ७.४ ला, कंसात ८०० च्या आसपास, त्याचा लॉग २.९, म्हणून लॉग डी १.१. रेणू तोच, कॉलम तोच, आणि आकड्यांत तीनचा फरक! दोन्ही आकडे खरे आहेत. मागणाऱ्याला कोणता हवा होता, एवढाच प्रश्न. "लॉग पी" लिहून पाठवणाऱ्या निम्म्या लोकांना खरं तर ७.४ चा लॉग डी हवा असतो, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे काम सुरू करायच्या आधी मी फोन करते. स्ट्रक्चर विचारायचं नाही, फक्त एवढंच विचारायचं की भार नसलेल्या रूपाचा हवा की ७.४ चा.

स्ट्रक्चर न सांगता आलेला पाहुणा आम्ल आहे की अल्कली, हे कॉलमच सांगतो. तीन बफर बनवा. पीएच २.५ आणि ७.४ ला फॉस्फेट, २० मिलिमोलर. या दोन्ही ठिकाणी फॉस्फेट चांगलं बफर करतं, कारण त्याचे पीकेए २.१ आणि ७.२. तिसरा १०.५ ला, अमोनियानं पीएच वर आणलेलं अमोनियम अ‍ॅसिटेट. अमोनिया उडतो, हा बफर त्याच दिवसाचा हवा. आणि १०.५ साठी कॉलमही वेगळा हवा. नेहमीची सिलिका पीएच ८ च्या वर विरघळायला लागते, म्हणून हायब्रिड सिलिकाचा किंवा पॉलिमरचा, जो बनवणारा ११-१२ पर्यंत चालेल असं म्हणतो, तो घ्या. तिन्ही पीएच त्याच एका कॉलमवर चालवलेले उत्तम.

मग बघा. २.५ ला उशिरा आणि ७.४ ला लवकर आला तर आम्ल. २.५ ला टी-शून्याला खेटून आणि १०.५ ला उशिरा आला तर अल्कली. प्रोप्रॅनोलॉल असंच वागतं. तिन्हीकडे जागचा हलला नाही तर भार न घेणारा, उदाहरणार्थ कार्बामॅझेपिन. ७.४ पर्यंत शांत आणि १०.५ ला अचानक लवकर आला तर अशक्त आम्ल. पॅरासिटामॉलचा पीकेए साडेनऊच्या जवळ, ते या पठडीतलं.

हे करताना टोल्यूइन प्रत्येक इंजेक्शनमध्ये सोबत असू द्या. त्याला पीएचचं सोयरसुतक नाही. तीन बफरमध्ये त्याचा के तोच राहिला पाहिजे. तोही सरकला तर पाहुणा भारामुळे सरकला असं म्हणता येणार नाही, मिथेनॉलच कमी-जास्त झालंय. आमच्याकडच्या एका मुलीनं एका सॅम्पलला ठामपणे अल्कली ठरवलं होतं. क्रोमॅटोग्राम बघितला तर टोल्यूइनही त्याच प्रमाणात मागे गेलेलं. १०.५ च्या बाटलीत पाणी जास्त पडलं होतं. नवी बाटली बनवली, सॅम्पल जागच्या जागी.

पीकेएपासून किती लांब राहायचं? पुस्तक दोन युनिटं म्हणतं. गणित बघाल तर एक युनिट लांब असतानाही चूक फक्त ०.०४ ची, आणि नेमकं पीकेएवर बसलात तर ०.३ ची. पण मिथेनॉल मिसळल्यावर आम्लांचा पीकेए वर सरकतो आणि अल्कलींचा खाली, बफरचाही सरकतो, त्यामुळे कागदावरचं एक युनिट कॉलममध्ये एक राहत नाही. दोन ठेवा, त्यात पैसे जात नाहीत.

अल्कली रेणूंसाठी टीएफए (ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्ल) टाळा. भार चढलेल्या अमाइनशी ते जोडी जमवतं आणि रिटेन्शन वाढवून ठेवतं. तो वाढलेला वेळ रेणूच्या स्वभावातला नसतो. पीक शेपटी सोडत असेल तर कॉलमच्या सिलिकावरचे सिलॅनॉल (ओएच) गट त्याला धरून ठेवतायत असं समजा. तसला रिटेन्शन टाइम हिशेबात घेऊ नका, पीएच वाढवा किंवा कॉलम बदला.

आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे दुहेरी, आम्ल आणि अल्कली दोन्ही अंगात असलेले रेणू आले तर? त्यांना मुळात भाररहित असा पीएचच मिळत नाही. त्यांचा लॉग पी देण्याच्या भानगडीत पडू नका. ७.४ चा लॉग डी द्या आणि का ते लिहा.

पन्नास सॅम्पलं एकदम आली तर

वर सांगितलेली पद्धत एका-दोघांसाठी. प्लेट भरून आली तर ग्रेडियंट लावा. क्लारा वाल्को आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये क्रोमॅटोग्राफिक हायड्रोफोबिसिटी इंडेक्स, म्हणजे सीएचआय, मांडला. अ‍ॅसिटोनायट्राइल शून्यापासून वर चढवत न्यायचं. रेणू जितका तेलकट तितका उशिरा सुटतो, आणि त्याच्या रिटेन्शन टाइमवरून त्याला सुटायला किती टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल लागतं याच्या मोजपट्टीवरचा आकडा मिळतो. संदर्भासाठी थिओफिलीनपासून व्हॅलेरोफिनोनपर्यंतचा ठरलेला संच आहे. एका सॅम्पलला पाच-सात मिनिटं पुरतात, आणि लॉग पी उणे १ असो की ५, मोबाईल फेज बदलायची गरज नाही.

यातही टी-शून्याचा भाऊ आहे: ग्रेडियंट मिसळण्याच्या जागेपासून कॉलमच्या तोंडापर्यंतचं आकारमान, ड्वेल व्हॉल्यूम. प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं. म्हणून एका यंत्रावरची रेषा दुसऱ्या यंत्राला लावायची नाही, दोन्ही एकाच कंपनीची असली तरी. ७.४ ला लोक सर्रास अमोनियम अ‍ॅसिटेट वापरतात, कारण ते मास स्पेक्ट्रोमीटरला चालतं. पण त्याचे पीकेए ४.८ आणि ९.२, म्हणजे ७.४ ला ते नावापुरतंच बफर करतं. सॅम्पल थोडं आणि पातळ सोडा, पाच मायक्रोलिटरच्या आत, नाहीतर सॅम्पलच स्वतःचा पीएच ठरवेल. फॉस्फेट इथे नको, अ‍ॅसिटोनायट्राइल वर गेलं की मीठ बाहेर पडतं आणि पंप चोक होतो.

आकडा पटला नाही तर

गिऱ्हाईक सॉफ्टवेअरनं काढलेला लॉग पी घेऊन बसलेलं असतं. त्याचा ३.६, तुमचा २.७, की लगेच फोन. घाबरू नका, आणि लगेच आकडा बदलूही नका.

आधी टोल्यूइन, टी-शून्य आणि पीएच तपासा. ते बरोबर असेल तर रेणूकडे वळा. कॉलमवरची सी-१८ ची साखळी निव्वळ हायड्रोकार्बन असते. ऑक्टॅनॉलला ओएच गट असतो आणि पाण्यानं संपृक्त ऑक्टॅनॉलमध्ये पाणीही बरंच असतं. त्यामुळे फिनॉल, अमाइड, सल्फोनामाइड असे हायड्रोजन बंध देणारे रेणू ऑक्टॅनॉलमध्ये आरामात राहतात, सी-१८ वर मात्र त्यांचं मन रमत नाही, ते लवकर निघतात. टोल्यूइन-नॅप्थॅलीनच्या रेषेवर बसवलं की असल्या रेणूचा लॉग पी कमी दिसतो. उपाय दोन. संदर्भ त्याच जातीचे घ्या: फिनॉल असेल तर फिनॉल १.५, पॅरा-क्रेसॉल १.९, ४-क्लोरोफिनॉल २.४, १-नॅप्थॉल २.७, थायमॉल ३.३. किंवा मोबाईल फेजमध्येच ऑक्टॅनॉल आणा. मिथेनॉलमध्ये ०.२५ टक्का ऑक्टॅनॉल आणि ऑक्टॅनॉलनं संपृक्त केलेला बफर, ही लोम्बार्डो आणि सहकाऱ्यांची २००० सालची युक्ती आहे. वास दोन दिवस कपड्यांतून जात नाही, घरी विचारतात, पण आकडे फ्लास्कच्या जवळ येतात.

आणखी खोलात जायचं असेल तर मिथेनॉल ७०, ६०, ५०, ४० असं बदलून प्रत्येक ठिकाणी लॉग के काढा आणि रेषा शून्य मिथेनॉलपर्यंत लांबवा. हा झाला शुद्ध पाण्यातला लॉग के, आणि त्याची लॉग पी शी गट्टी एका प्रमाणातल्या लॉग के पेक्षा जास्त चांगली जमते. मिथेनॉलला ही रेषा बऱ्यापैकी सरळ असते, अ‍ॅसिटोनायट्राइलला वाकते. ५०:५० च्या आसपास मिश्रण सगळ्यात दाट होतं आणि प्रेशर चढतं, त्यानं दचकू नका.

धातूचे कॉम्प्लेक्स, साबणासारखे पृष्ठभागावर जमणारे रेणू आणि मोबाईल फेजशीच रिॲक्ट होणारे, हे या पद्धतीत बसत नाहीत. ते आले तर आधीच नाही म्हणा. व्यवस्थापकांना आवडत नाही, पण नंतर चुकीचा आकडा परत मागवणं त्यांना त्याहून कमी आवडतं.

रिपोर्टात आकड्याच्या आधी तो कुठून आला ते येऊ द्या. आम्ही असं लिहितो: "लॉग डी (पाण्यातला पीएच ७.४) = १.१, सी-१८, मिथेनॉल-फॉस्फेट बफर ६०:४०, ३५ अंश, टी-शून्य थायोयुरियानं, संदर्भ सहा, १.० ते ४.०, दोन स्वतंत्र रन." याच्याखाली क्रोमॅटोग्राम आणि रेषेचा आलेख, सगळे बिंदू दिसतील असा. एखादा बिंदू गाळला असेल तर तोही पोकळ गोलानं दाखवा आणि का गाळला ते एका ओळीत.

काम संपलं की बफर कॉलममध्ये ठेवून घरी जायचं नाही. आधी ९०:१० पाणी-मिथेनॉल अर्धा तास, मीठ निघून जाऊ द्या, मगच ८० टक्के मिथेनॉलवर न्या. उलट क्रमानं केलंत तर फॉस्फेट आतच बसेल आणि सोमवारी प्रेशर बघून तुम्ही मला फोन कराल.